फ्रँकफुर्टला येण्याआधी: हात न लावता बिघाड शोधायची सवय

तुम्ही विचारलंय की बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीतल्या कारखान्याचं नेटवर्क सांभाळताय, फ्रँकफुर्टच्या नेटवर्क ऑपरेशन सेंटरमधली नोकरी जवळपास ठरली आहे, तर निघण्याआधी काय पक्कं करावं. कागदपत्रांचं आधी उरकतो: तुमचं विद्यापीठ आणि पदवी अनाबिनमध्ये (परदेशी पदव्यांची जर्मन ऑनलाइन नोंदवही) कशी नोंदली आहे ते पाहा आणि त्या पानाची प्रत काढून ठेवा.

आता कामाचं. मकरपुऱ्यात लिंक गेली की उठून रॅकपाशी जाता येतं, केबल हलवून बघता येते. इथे रॅक कुलूपबंद हॉलमध्ये, बरेचदा दुसऱ्याच शहरात असतो आणि केबलला हात लावतो तो डेटा सेंटरचा तंत्रज्ञ. तो तुम्ही लिहिलंय तेवढंच करतो. म्हणून आत्तापासून प्रत्येक तक्रारीला आधी आकडे बघून जागा कागदावर लिहा, मग रॅकपाशी जाऊन पडताळा. ही संधी इकडे आल्यावर मिळत नाही.

ट्रेसराउट (पॅकेट कोणकोणत्या राउटरमधून जातं ते दाखवणारं साधन) नीट वाचायला शिका. चौथ्या हॉपवर (वाटेतल्या चौथ्या राउटरवर) ४० टक्के लॉस, म्हणजे हरवलेली पॅकेट, आणि पुढे सगळीकडे शून्य, तर तिथे बिघाड नाही. तो राउटर स्वतः उत्तर द्यायला आळस करतोय, पॅकेट पुढे नीट पाठवतोय. लॉस चौथ्यापासून शेवटपर्यंत टिकला तरच संशय घ्या, तोही परतीच्या वाटेसकट, कारण परतीची वाट वेगळी असू शकते. एमटीआर (ट्रेसराउट पुन्हा पुन्हा करून लॉस मोजणारं साधन) दोन्ही टोकांकडून शंभर-शंभर पॅकेटचं चालवा. वेळेचा हिशोब तोंडपाठ हवा: फायबरमध्ये १०० किलोमीटर जाऊन-येऊन साधारण १ मिलिसेकंद. फ्रँकफुर्ट–बर्लिनला २५ मिलिसेकंद दिसले तर वाट कुठेतरी वळसा घेतेय.

सगळ्यात फसवणारा प्रकार म्हणजे चार समांतर लिंकपैकी एक खराब. पिंग स्वच्छ, तरी काही लोकांचं काम अडतं, कारण एक संवाद हॅशमुळे (पत्ते आणि पोर्ट क्रमांकांवरून लिंक निवडणारा हिशोब) एकाच लिंकला चिकटून राहतो. सोर्स पोर्ट (पाठवणाऱ्याकडचा पोर्ट क्रमांक) बदलत ४०-५० टीसीपी जोडण्या करून पाहा. त्यातल्या साधारण चौथा हिस्सा जोडण्या अयशस्वी झाल्या की उत्तर मिळालं. लॉगिन होतं पण मोठी फाईल अडकते, असं असेल तर एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) तपासा. तुकडे करायला मनाई करून १४७२ बाइटचं पिंग द्या (वर २८ हेडरचे, एकूण १५००). तेही जात नसेल तर आकडा उतरवत न्या. वाटेत एखादा टनेल (पॅकेटला आणखी एक वेष्टण घालणारी जोडणी) जागा खातोय.

सीआरसी एरर (फ्रेममधला डेटा वाटेत बिघडल्याची खूण) ज्या पोर्टवर दिसतात त्याने खराब फ्रेम घेतलेली असते. दोष पलीकडच्या लेझरपासून इकडच्या रिसीव्हरपर्यंत कुठेही असू शकतो. त्यातून कट-थ्रू स्विच फ्रेम पूर्ण येण्याआधीच पुढे ढकलतो, त्यामुळे पुढच्या निर्दोष पोर्टांवरही आकडा चढतो. काउंटर शून्य करा, पाच मिनिटं थांबा, आणि वाढ सुरू होते तिथपर्यंत मागे जा. मग प्रकाश बघा: १०जी एलआर मॉड्यूलची (लांब पल्ल्याचं १० गिगाबिटचं फायबर मॉड्यूल) रिसीव्ह मर्यादा, म्हणजे किमान लागणारा प्रकाश, −१४.४ डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचं माप). −१९ दिसतंय आणि पलीकडून पाठवलेला प्रकाश ठीक आहे, तर मॉड्यूल बदलायला सांगू नका. आधी दोन्ही टोकांचे कनेक्टर साफ करायला सांगा. बहुतेक वेळा धूळच असते.

लॉग यूटीसीमध्ये (जगभर एकच असलेली प्रमाणवेळ) वाचा. इथे ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे ३ चे पुन्हा २ वाजतात, आणि स्थानिक वेळेत तो एक तास दोनदा येतो.

तंत्रज्ञाला लिहिताना 'उजवीकडची केबल' कधीच लिहू नका. रॅकच्या मागून उजवं डावं होतं. असं लिहा: 'रॅक बी-१२, यू-२२ (रॅकमधला कप्पा क्रमांक), पोर्ट ७, पिवळी केबल, लेबल अमुक. काढण्याआधी लेबल फोनवर वाचून दाखवा. काढल्यावर पोर्ट ७ चा दिवा विझला पाहिजे. दुसरा विझला तर लगेच परत लावा आणि मला सांगा.'