मेमरी कार्ड बदललं तर स्विचवरचा गेम लॅग व्हायचा थांबतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : जुना निन्टेंडो स्विच (हातात धरून खेळायचा गेम कन्सोल), त्यात १२८ जीबीचं साधं मायक्रोएसडी मेमरी कार्ड. झेल्डा हा गेम खेळताना काही ठिकाणी फ्रेम ड्रॉप होतात, म्हणजे चित्र अडखळतं. दुकानदार म्हणतो, "सेकंदाला २०० एमबीवालं कार्ड टाका, गेम लोण्यासारखा चालेल." घ्यावं का?

निदान या कारणासाठी तरी नका घेऊ. कार्डाचा वेग तुम्हाला किती वेळ थांबावं लागेल हे ठरवतो. गेम सुरू झाल्यावर चित्र किती सफाईने हलेल, हे तो जवळपास ठरवत नाही.

मी स्वतः हा उद्योग करून बसलोय. स्विच घेतल्यावर वर्षभराने असंच कुणीतरी सांगितलं म्हणून दुप्पट किमतीचं कार्ड आणलं. भाचा सुट्टीला आला होता. तो मोबाइलवर स्टॉपवॉच लावून बसला आणि मी एकच सेव्ह (गेममधली जतन केलेली जागा) आधी जुनं कार्ड घालून, मग नवं घालून, पुन:पुन्हा लोड करत राहिलो. फरक इतका बारीक, की तो कार्डाचा होता की भाच्याच्या अंगठ्याचा, हे आम्हाला कळेना. 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' या झेल्डामधल्या कोरोक फॉरेस्टमध्ये शिरलं की चित्र जिथे जड व्हायचं, तिथेच ते नव्या कार्डावरही जड झालं. भाचा म्हणाला, "मामा, पैसे परत मिळतात का बघ." नाही मिळाले.

असं का होतं ते बघू. गेम कार्डावरून थेट 'चालत' नाही. लागणारा डेटा आधी कार्डावरून रॅममध्ये येतो, आणि प्रोसेसर व ग्राफिक्स चिप तिथून तो उचलतात. स्विचची रॅम ४ जीबी आहे आणि तिचा वेग सेकंदाला साधारण २५ जीबी. कार्ड चांगलं असलं तरी सेकंदाला ०.१ जीबीच्या आसपासच देणार, म्हणजे अडीचशे पटींचा फरक. ३० फ्रेमच्या गेममध्ये एक फ्रेम काढायला ३३ मिलिसेकंद मिळतात. एवढ्या वेळात चिपने प्रत्येक गोष्ट कार्डाकडे मागायची म्हटलं तर कुठलाच गेम चालणार नाही, म्हणून तो तसा लिहिलेलाच नसतो. माळ्यावरून डाळीचा डबा काढायला वेळ लागतो खरा, पण डबा ओट्यावर आल्यावर आमटी उकळायला किती वेळ लागेल ते शेगडीवर अवलंबून. तुमचा प्रश्न शेगडीचा आहे आणि दुकानदार तुम्हाला नवी शिडी विकतोय.

बरं, लोडिंगचा वेळ तरी सगळा कार्डाच्या माथी मारता येतो का? तर तेही नाही. यातला मला सगळ्यात आवडणारा पुरावा २०१९ सालचा आहे. त्या एप्रिलमध्ये स्विचचं ८.० अपडेट आलं आणि पाठोपाठ याच झेल्डाचं १.६. त्यानंतर गेमचं लोडिंग काही सेकंदांनी कमी झालं. कार्ड तेच, कार्ट्रिजही (दुकानात मिळणारी गेमची चिपवजा डबी) तीच. निन्टेंडोने गाजावाजा केला नाही, हौशी लोकांनीच आत डोकावून शोधलं : लोडिंगच्या पडद्यापुरता प्रोसेसरचा वेग १ गिगाहर्ट्झवरून पावणेदोन गिगाहर्ट्झच्या आसपास चढवला जात होता. कारण गेमचा डेटा दाबून, म्हणजे कॉम्प्रेस करून ठेवलेला असतो. कार्ड तो आणून देतं, पण उलगडायचं काम प्रोसेसरला करावं लागतं. खोळंबा तिथे होत होता, कार्डावर नव्हे.

आता ते '२०० एमबी'. आकडा खोटा नाही, पण तुमच्या उपयोगाचाही नाही. कार्डावर रोमन एकचा आकडा असतो बघा, तो यूएचएस-वनचा. या पद्धतीच्या जोडणीतून सेकंदाला जास्तीत जास्त १०४ एमबी जाऊ शकतात. जुन्या स्विचचा स्लॉट याच जातीचा आहे आणि निन्टेंडोची स्वतःची शिफारसही ६० ते ९५ एमबी वाचनवेगाच्या कार्डाची आहे. वेष्टनावरचे १७०, १९०, २०० हे आकडे कंपनीने स्वतःची युक्ती वापरून गाठलेले असतात आणि ते मिळवायला त्याला जुळणारा कार्ड रीडर लागतो. कॅमेऱ्यातून फोटो लॅपटॉपवर उतरवणाऱ्याला त्याचा फायदा होतो. स्विचमध्ये ते कार्ड गपगुमान शंभरीच्या आत येऊन बसतं. स्टीम डेक या हातात धरून खेळायच्या पीसीचा स्लॉटही यूएचएस-वनच आहे, त्यामुळे तिथेही तेच. आसुसच्या आरओजी अलाय या तशाच यंत्राचा स्लॉट यूएचएस-टू आहे, पण त्याचा पूर्ण फायदा घ्यायचा तर पिनांची दुसरी ओळ असलेलं कार्ड लागतं आणि मायक्रोएसडीत तशी कार्डं शोधावी लागतात.

आणखी एक गंमत. वेष्टनावरचा मोठा आकडा एकच लांबलचक फाइल सलग वाचण्याचा असतो. गेम मात्र इकडचं थोडं, तिकडचं थोडं असं तुकड्यातुकड्याने वाचतो. त्यासाठी कार्डावर ए-वन, ए-टू अशा खुणा असतात. ए-वन म्हणजे सेकंदाला किमान १,५०० विखुरलेली वाचनं, ए-टू म्हणजे ४,०००. एक वाचन ४ केबीचं धरलं तर ए-वनची हमी होते सेकंदाला जेमतेम ६ एमबी! कुठे २०० आणि कुठे ६. अर्थात ही किमान हमी झाली, चांगलं कार्ड याहून जास्त देतं, आणि सगळंच वाचन इतकं विखुरलेलं नसतं. पण दोन कार्डं ताडून बघायची असतील तर मी ठळक आकड्याऐवजी ही बारीक खूण बघतो. ए-टूचा पूर्ण लाभ मिळायला मात्र कन्सोलचीही साथ लागते. जुन्या यंत्रांत ती नसते, तेव्हा निव्वळ ए-टूसाठी जास्त पैसे मोजू नका.

याचा अर्थ कुठलंही कार्ड चालेल असा काढू नका. तुमचं १२८ जीबीचं 'साधं' म्हणजे नक्की कसलं, ते तुम्ही लिहिलेलं नाही. जुन्या मोबाइलमधून काढलेलं असेल आणि त्यावर गोल खुणेत ४ (म्हणजे क्लास ४, वेगाची खालची पातळी) असेल, तर बदला. हिशोबच करा : २ जीबी डेटा ९० एमबीच्या वेगाने यायला २२ सेकंद लागतात, २० एमबीने यायला दीड मिनिटाच्या वर. हा फरक भाच्याशिवायही कळतो. मोठ्या ओपन वर्ल्ड, म्हणजे मोकळं जग फिरायला देणाऱ्या, गेममध्ये तर असं कार्ड खेळतानाही नडतं. तुम्ही घोडा दामटत पुढे जाता तेव्हा पुढचा मुलूख मागच्या बाजूने गुपचूप लोड होत असतो. कार्ड मागे पडलं की डोंगर आधी पुसट, मातीच्या गोळ्यासारखा दिसतो आणि दोन सेकंदांनी त्यावर गवत उगवतं. कधी गेम क्षणभर गोठतो आणि पुन्हा चालू लागतो. असा झटका आणि सतत जड वाटणं यांत फरक करायला शिका. गर्दीच्या जागी, स्फोट होताना, झाडीत सगळं एकसारखं संथ होत असेल तर ते काम ग्राफिक्स चिप किंवा प्रोसेसरचं. तिथे कार्ड निर्दोष.

दोष नक्की कुठे आहे याची तपासणी फुकटात होते. गेम डिजिटल असेल तर स्विचच्या सिस्टिम सेटिंग्जमध्ये डेटा मॅनेजमेंटमध्ये जा. तिथे कार्डावरचा गेम अंतर्गत मेमरीत हलवायची सोय आहे (२०२०च्या अपडेटपासून आली). मूळ ३२ जीबीपैकी पंचवीसेक जीबी वापरता येतात, तेवढ्यात झेल्डा बसतो. हलवा, त्याच जागी जाऊन खेळा. तरीही तसाच अडखळला, तर जगातलं कुठलंही कार्ड तुमची अडचण सोडवणार नाही. आणि गेम कार्ट्रिजवर असेल तर एवढंही करायला नको, कारण मग मूळ डेटा कार्ट्रिजवरूनच वाचला जातो. कार्डावर असतात ती फक्त अपडेटं आणि डीएलसी (गेमचे नंतर घेतलेले जादा भाग).

लिहिण्याचा वेग वेगळा. तो खेळताना फारसा लागत नाही, डाउनलोड आणि अपडेटच्या वेळी लागतो. घरचं इंटरनेट १०० एमबीपीएसचं असेल तर सेकंदाला साडेबारा एमबीच येतात. यू-थ्री खुणेचं कार्ड किमान ३० एमबी सलग लिहून घेतं, त्याला हे जड नाही. स्टीम डेकवाल्यांना मात्र हा काच जाणवतो. अपडेट छोटं असलं तरी स्टीम (डेकवर गेम उतरवणारं ॲप) कित्येकदा गेमची भलीमोठी फाइल वाचून, बदलून, नव्याने लिहितं. वाचणं-लिहिणं दोन्ही एकाच कार्डावर चालू असतं. अशा वेळी डेक चार्जिंगला लावून मी जेवून येतो.

रेट्रो हँडहेल्डवाल्यांना, म्हणजे जुने गेम खेळायची छोटी यंत्रं वापरणाऱ्यांना, तर वेगाची चिंताच नको. पहिल्या प्लेस्टेशनची सीडी सेकंदाला ३०० केबी वाचायची. गेमबॉय ॲडव्हान्सची अख्खी कार्ट्रिज फार तर ३२ एमबीची, ती एका दमात रॅममध्ये जाते. क्लास १० चं कुठलंही कार्ड याला पुरून उरतं. तिथला धोका निराळा : यंत्रासोबत येणाऱ्या बिननावाच्या कार्डावरच सगळी सिस्टिम असते आणि ती कार्डं फार दिवस तग धरत नाहीत. आल्या दिवशी कार्डाची अख्खी प्रत काढून चांगल्या कार्डावर उतरवा.

स्विच २ घ्यायचा विचार असेल तर मात्र वरचं सगळं विसरा. ५ जून २०२५ ला आलेल्या या यंत्रात गेमसाठी फक्त मायक्रोएसडी एक्सप्रेस कार्ड चालतं. दिसायला तेवढंच, पण आतून ते लॅपटॉपच्या एसएसडीच्या भाषेत बोलतं आणि कागदावर त्याची मर्यादा सेकंदाला ९८५ एमबी आहे. आतली २५६ जीबी मेमरी वेगवान, त्या वेगाच्या अपेक्षेने बनवलेला गेम शंभर एमबीच्या कार्डावर ढकलला तर तो उपाशी राहील, म्हणून कंपनीने दारच बंद केलं. तुमचं जुनं कार्ड त्यात घातलं तर स्क्रीनशॉट आणि व्हिडिओ आणता येतील, गेम नाही. उलट एक्सप्रेस कार्ड जुन्या स्विचमध्ये चालतं, पण जुन्याच वेगाने. त्यासाठी आत्ता जादा पैसे घालण्यात अर्थ नाही.

वेगापेक्षा मला बनावट कार्डाची भीती जास्त वाटते. आपल्याकडचे बरेच स्विच दुबई-सिंगापूरहून किंवा नातेवाइकांच्या बॅगेतून आलेले, आणि कार्डही 'त्यासोबत एक द्या' म्हणून घेतलेलं. मी एका दुकानातून २५६ जीबीचं असंच एक उचललं होतं. महिनाभर सगळं छान. मग एकेक गेम 'डेटा करप्ट' म्हणू लागला. आत खरी जागा थोडीशीच होती. कार्डाची चिप यंत्राला २५६ सांगत होती आणि जागा भरली की आधीच्या डेटावर नवा डेटा लिहीत होती. आता नवं कार्ड आलं की स्विचमध्ये घालण्याआधी कॉम्प्युटरवर एचटूटेस्टडब्ल्यू चालवतो, लिनक्स किंवा मॅकवर असाल तर एफथ्री. हे प्रोग्रॅम कार्ड काठोकाठ भरतात आणि लिहिलेलं परत वाचून ताडतात. २५६ जीबीला लिहिण्यातच तीनेक तास जातात, तेव्हा रात्री लावून झोपा. सकाळी पास झालं तर ठेवा, नाही तर पावती घेऊन दुकान गाठा.

घ्यायचंच असेल तर नावाजलेल्या कंपनीचं, यूएचएस-वन, यू-थ्री, ए-वनवालं, शंभरच्या आसपास वाचनवेगाचं कार्ड घ्या आणि उरलेले पैसे जास्त जीबीवर घाला. बदलताना कन्सोल झोपवून नाही, पॉवरचं बटण दाबून धरून पूर्ण बंद करा, मग जुनं कार्ड काढा. नवं कार्ड आधी स्विचमध्येच फॉरमॅट करून घ्या. मग जुन्यावरचा निन्टेंडो नावाचा फोल्डर कॉम्प्युटरवरून नव्यावर जसाच्या तसा टाका. सेव्ह कार्डावर नसतातच, कन्सोलच्या पोटात असतात, त्यामुळे कॉपी फसली तरी फार तर गेम पुन्हा उतरवावे लागतील.