अॅथलेटिक ट्रेनर व्हायचंय ना, मग हे आधी बघ

अरे पहिलं म्हणजे जिममधला ट्रेनर वेगळा नि हा वेगळा, हे खेळाडूंच्या दुखापती सांभाळायचं, आरोग्यसेवेतलं काम आहे. अमेरिकेत कॉलेज टीमसोबत राहायचं तर आता मास्टर्सच करावं लागतं, बॅचलर्सच्या कोर्सला २०२२ नंतर नवीन अॅडमिशन बंद झाल्यात, मग बीओसीची (अॅथलेटिक ट्रेनरना प्रमाणपत्र देणारं तिकडचं बोर्ड) परीक्षा आणि जवळपास सगळ्या राज्यांत लायसन्स. कोर्सला सीएएटीईची (हे कोर्स तपासून मान्यता देणारी तिकडची संस्था) मान्यता आहे का ते आधी तपास, नाहीतर परीक्षेला बसणंच अवघड.

कामाचं म्हणशील तर प्रॅक्टिसच्या आधी रांगेने घोट्यांना टेपिंग, नंतर रिहॅब (दुखापतीतून सावरायचे व्यायाम), मग नोट्स लिहीत बसायचं, शनिवार-रविवार विसरच. पगार शिक्षणाच्या मानाने कमी, मला तरी वाटतो. आणि कोच विचारणारच, "आज खेळेल ना?" कन्कशनचा (डोक्याला मार बसून मेंदूला धक्का) संशय असेल तर त्या दिवशी परत मैदानात नाही म्हणजे नाही, मॅच कितीही मोठी असो. खेळताना उष्माघात झाला तर अँब्युलन्स बोलव पण तिची वाट बघत बसू नकोस, बर्फाच्या पाण्याच्या टबात आधी गार करायचं, हॉस्पिटल नंतर. रोटेशनला (कोर्समध्ये टीमसोबत प्रत्यक्ष काम शिकायची पाळी) जमलं तर फुटबॉल घे (तिकडचा, हेल्मेटवाला), हात तिथेच बसतो.