एआय आल्यावर बँकेत क्लार्क लागतील का? मुलाने परीक्षा द्यावी की नाही?

तुमचा मुलगा बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला, आयबीपीएसचा, म्हणजे बँकभरतीच्या परीक्षेचा, क्लास लावलाय, आणि दहा वर्षांनी ही नोकरी उरेल का, असं विचारलंय. उरेल. माणसं कमी लागतील. पण हा प्रश्न मला चाळीस वर्षं चावतोय, त्यामुळे जरा लांबण लागेल.

मी १९७८ साली गिरगावातल्या एका शाखेत चिकटलो. सेव्हिंग्जची लेजरं, म्हणजे खातेवह्या, तेव्हा हातानेच लिहायची. सहामाहीला सगळ्या खात्यांचे बॅलन्स उतरवायचे आणि बेरीज जनरल लेजरशी, म्हणजे शाखेच्या मुख्य वहीशी, जुळवायची. ती कधी पहिल्या फटक्यात जुळली नाही. मग डिफरन्स शोधत बसायचं आणि चर्नी रोडहून शेवटची गाडी पकडायची. आमचे हेडक्लार्क आधी फरकाला नऊने भागून बघायचे. भाग गेला की म्हणायचे, "उलटापालट आहे रे, कुठेतरी ५४ चे ४५ झालेत." बहुतेकदा तेच निघायचं.

मग एएलपीएम आलं. होता कॉम्प्युटरच, पण तो शब्द काढला की युनियन पेटायची, म्हणून नाव लेजर पोस्टिंग मशीन. त्याला काचेची एसी केबिन, आत जाताना चपला बाहेर. आम्ही पंख्याखाली घामाघूम, मशीन गारव्यात. विरोधातल्या मोर्चांना मी गेलोय, त्याची लाज नाही.

टॅली मात्र झटक्यात यायची, कबूल. एकदा एक पेन्शनर आजी आल्या, चारशे बारा रुपये जमाच नाहीत म्हणाल्या. मशीन म्हणे सगळं जुळलंय. दोन तास व्हाउचरं उपसल्यावर सापडलं, २७५४ ऐवजी २५७४ वर पोस्टिंग झालं होतं. तीच उलटापालट, फक्त रकमेत नव्हे, खातेनंबरात. त्यामुळे बेरजेत फरकच पडला नाही, नऊने भागायचं कशाला? हाताने लेजर लिहिणाऱ्याने पान उघडलं असतं तर वर गॅरेजवाल्याचं नाव दिसलं असतं, आणि गॅरेजवाल्याला कसली आलीय पेन्शन? (हातानेही चुका व्हायच्याच, नाही असं नाही.) नातू एआयची उत्तरं वाचून दाखवतो तेव्हा मला ते २५७४ आठवतं. सगळं कसं नीटनेटकं, जुळलेलं.

आता आमचे मेहुणे. जन्म सीप्झमध्ये, अंधेरीच्या त्या इलेक्ट्रॉनिक्स-सॉफ्टवेअरच्या वसाहतीत, गेला त्यांचा. दर गणपतीत एकच पालुपद, "भाऊजी, कॉम्प्युटरला एवढ्या शिव्या घातल्यात, गेली का तुमची नोकरी?" हल्ली जोडीला एआयमधले मोठे शास्त्रज्ञ जेफ्री हिंटन असतात. या गृहस्थांनी २०१६ मध्ये सांगितलं होतं, एक्स-रे, स्कॅन वाचणारे डॉक्टर, म्हणजे रेडिओलॉजिस्ट, घडवणं आताच थांबवा, ते काम एआय करेल. २०२४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं, आणि रेडिओलॉजिस्ट आहेत तिथेच आहेत. म्हणजे मेहुण्यांच्या मते भीती सगळी खोटी.

अहो, माझी नोकरी गेलीच नाही. २००१ मध्ये मी व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती, घेतली, हार-नारळ झाला, समोसे झाले. त्या योजनेत सरकारी बँकांतून लाखभर माणसं बाहेर पडली. माझ्या जागी कोणी आलं नाही, खुर्ची तेवढी स्टोअररूममध्ये गेली. आम्हाला काढून टाकलं असतं तर बोंब तरी झाली असती. पण ती जागा ज्याला मिळायची होती, तो पोरगा कोण हे त्यालासुद्धा कळलं नाही, मग मोर्चा काढणार कोण?

तर मुलाला परीक्षा देऊ दे, जागा निघतायत तोवर. यूपीआय २०१६ मध्ये आलं, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये एकाच महिन्यात त्यावर २००० कोटींहून जास्त व्यवहार झाले. त्यातल्या एकालाही क्लार्क लागला नाही. पण 'पैसे कापले, पोचले नाहीत' म्हणत माणूस शाखेतच येतो. पायथनचा क्लास लावायचा तर लावा, डबल एंट्री, म्हणजे नावे-जमेचा हिशोब, मात्र झोपेतून उठवून विचारली तरी यायला हवी. लागला की कर्जाचं किंवा तक्रारींचं टेबल मागून घे म्हणावं. पासबुकाला मशीन आहे.

हे सगळं सरकारी बँकेच्या हिशोबाने. खासगीत टार्गेटचं गणित निराळं, ते तिथल्या माणसाला विचारा. आणि हो, ती लेजरं उचलून माझी कंबर गेली ती गेलीच. मशीन चार-पाच वर्षं आधी आलं असतं तर वाचली असती, पण हे मी गणपतीत बोलणार नाही.