घरची चकली आणि शेंगदाणा चटणी सुपरमार्केटमध्ये ठेवायची आहे. पाकिटावर नेमके कोणते कोड आणि काय काय छापावं लागतं?

ताई, तुम्ही लिहिलंय की आजवर माल ओळखीपाळखीत जात होता, आता एक सुपरमार्केटवाला ठेवायला तयार आहे आणि त्याची अट एकच, 'पाकिटावर सगळे कोड पाहिजेत.' म्हणून तुम्ही बारकोड कुठे मिळतो ते विचारताय. आमचं फराळाचं आणि मसाल्यांचं काम नऊ वर्षांचं आहे आणि मीही पहिल्यांदा बारकोडच्याच मागे धावलो होतो. बारकोड कायद्याने सक्तीचा नाही. तो दुकानदाराच्या बिलिंगसाठी असतो, त्यामुळे तो सगळ्यात शेवटी करा.

सुरुवात वजनकाट्यापासून करा. एका घाण्याला काय काय पडतं ते ग्रॅममध्ये लिहून काढा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते, जे सर्वात जास्त ते आधी. 'भाजणी' असं एका शब्दात लिहून भागत नाही. तांदूळ, हरभरा डाळ, उडीद डाळ, मूग डाळ, धने, जिरे हे सगळं उलगडून लिहावं लागतं. 'खाद्यतेल' एवढंही पुरत नाही, शेंगदाणा तेल की सूर्यफूल ते नावानिशी हवं. म्हणजे तेल बदललं की लेबलही बदलतं. मी सुरुवातीला एकदम मोठा रोल छापून घेतला आणि दोन महिन्यांत तेल बदललं. म्हणून सांगतो, पहिलं वर्ष साधं पाकीट आणि वर स्टिकर एवढंच ठेवा.

आता हिंगाची गोष्ट. आमच्या भाजणीत गहू नाही, म्हणून पुतण्याने डिझाइनमध्ये मोठ्या अक्षरात 'ग्लूटेनमुक्त' टाकलं होतं (ग्लूटेन म्हणजे गव्हासारख्या धान्यातलं प्रथिन). छपाईला जायच्या आदल्या दिवशी आईने सहज हिंगाची डबी चष्म्यासमोर धरली. डिंक, गव्हाचं पीठ आणि मग हिंग! बाजारात मिळतो तो बहुतेक बांधानी हिंग, त्यात मैदा किंवा पीठ असतंच. काही कंपन्या तांदळाचं पीठ वापरतात, ते डबीवर लिहिलेलं असतं. चकलीत हिंग चिमूटभर, पण ॲलर्जीच्या बाबतीत चिमूटही मोजली जाते. आमचं 'ग्लूटेनमुक्त' गेलं आणि त्या जागी 'गहू आहे' आलं. नियमाप्रमाणे 'ग्लूटेनमुक्त' म्हणायला किलोमागे २० मिलिग्रॅमच्या वर ग्लूटेन चालत नाही आणि त्यासाठी तपासणीचा अहवाल हाताशी लागतो.

ॲलर्जीच्या यादीत आपल्याकडे ग्लूटेन असलेली धान्यं, दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकडा वर्ग, शेंगदाणे, काजू-बदामासारखा सुकामेवा, सोयाबीन आणि सल्फाइट येतं. तुमच्या चटणीवर शेंगदाणा येणारच. चकली त्याच मिक्सरच्या, त्याच परातीच्या आसपास होत असेल तर तिच्यावरही 'शेंगदाण्याचा अंश असू शकतो' असं लिहा. तीळ आपल्या यादीत नाही, अमेरिकेत मात्र १ जानेवारी २०२३ पासून आहे. दिवाळीत कोणी तुमची पाकिटं घाऊक उचलून तिकडे विकायला निघालं तर हे आठवा.

मिश्रक पदार्थांना, म्हणजे आंबटपणा, फुगणं, टिकणं यासाठी वरून घालतात त्यांना, आयएनएस क्रमांक असतात, हे आंतरराष्ट्रीय ठरलेले नंबर. चटणीत लिंबूसत्त्व घालत असाल तर 'आम्लता नियंत्रक, आयएनएस ३३०' असं येईल. खायचा सोडा म्हणजे ५००, पुढे कंसात रोमन दोन. काहीच घालत नसाल तर हा भाग सोडून द्या. उगाच नंबर असला की लेबल भारी दिसतं असा काहींचा समज आहे, तो धरू नका.

पोषणमूल्यांचा तक्ता १०० ग्रॅममागे द्यावा लागतो. ऊर्जा, प्रथिनं, कर्बोदकं, एकूण साखर, वरून घातलेली साखर, एकूण स्निग्धांश, संपृक्त आणि ट्रान्स फॅट, कोलेस्टेरॉल, सोडियम हे त्यात येतं. नुसते मसाले यातून सुटतात, शेंगदाणा चटणी सुटत नाही. चटणीचा हिशेब हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांवरून मांडता येतो. चकलीचा कागदावर जमत नाही, कारण कढईतलं किती तेल आत गेलं ते चकलीलाच माहीत. तिथे मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत नमुना पाठवा. शेजारच्या ब्रँडचा तक्ता उतरवू नका, मी असे उतरवलेले तक्ते मुद्रणदोषांसकट पाहिलेत.

मग नंबर. एफएसएसएआय म्हणजे केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण, त्याचा क्रमांक १४ आकडी असतो आणि बोधचिन्हासोबत छापायचा. पहिला आकडा १ असेल तर परवाना, २ असेल तर लहान उद्योगाची नोंदणी. पुढचे दोन राज्याचे, त्यापुढचे दोन वर्षाचे. महाराष्ट्रातल्या नोंदणीचा क्रमांक २१५ ने सुरू होतो. छापायच्या आधी आकडे मोजा, डीटीपीवाल्याच्या हातून एक शून्य सहज गळतं. शाकाहारी खूण म्हणजे हिरव्या चौकटीत हिरवा भरीव गोल, त्याचा किमान आकार पाकिटाच्या दर्शनी भागावर ठरतो. दर्शनी भाग १०० चौरस सेंटिमीटरपर्यंत असेल तर गोलाचा व्यास निदान ३ मिलिमीटर आणि चौकटीची बाजू ६.

वजन, किंमत, उत्पादकाचा पूर्ण पत्ता आणि तक्रारीसाठी फोन-ईमेल हे वेगळ्या खात्याचं, वैधमापनशास्त्राचं, म्हणजे वजनमापं तपासणाऱ्यांचं. २०११ चे आवेष्टित (पाकीटबंद) वस्तूंचे नियम तिथे लागतात आणि पॅकिंग सुरू केल्यापासून ९० दिवसांत त्यांच्याकडे स्वतंत्र नोंदणी करायची असते. हे बहुतेकांना इन्स्पेक्टर आल्यावरच कळतं. ग्रॅमसाठी इंग्रजी लहान 'जी' एवढंच अक्षर, 'जीएम' किंवा 'जीएमएस' नाही. एमआरपी सर्व करांसह, आणि शेजारी ग्रॅममागे किंमत. २५० ग्रॅमचं पाकीट १२० रुपयांना असेल तर ४८ पैसे ग्रॅम. किंमत वाढली म्हणून जुन्या एमआरपीवर नवं स्टिकर मारता येत नाही. कमी केली तर मारता येतं, तेही जुनी किंमत झाकली न जाता.

पॅकिंगची तारीख आणि 'या तारखेपर्यंत वापरा' दोन्ही सक्तीचं आहे. नुसतं 'बेस्ट बिफोर' आता पुरत नाही. चकली तीन महिन्यांच्या आतच टिकते, म्हणून दिवस-महिना-वर्ष पूर्ण हवं. बॅच नंबर साधा ठेवा, आम्ही तारीख आणि पुढे कढईचं अक्षर देतो. तक्रार आली तर कोणत्या दिवशीचा, कोणत्या कढईचा माल ते वहीत सापडतं. आणि हातशिक्क्याची साधी शाई पाउचवर टिकत नाही. तेलकट बोट लागलं की तारीख गायब. प्लॅस्टिकवर धरणारी शाई वेगळी मिळते.

लेबल नुसतं मराठीत चालत नाही, बरं का. इंग्रजी किंवा देवनागरीतली हिंदी लागते, मराठी सोबत हवी तेवढी. 'घरगुती' शब्दाने चुकीचा समज होत असेल तर तो वापरता येत नाही. काम उद्या शेडमध्ये गेलं की तो काढा. '१०० टक्के शुद्ध' वगैरे टाळा, मे २०२५ मध्ये एफएसएसएआयने 'शंभर टक्के' वापरू नका असं उत्पादकांना कळवलंय.

आता तुमचा बारकोड. तो जीएस१ इंडिया या बारकोडचे नंबर देणाऱ्या संस्थेकडून घ्यायचा. त्यांचे नंबर ८९० ने सुरू होतात (८९० म्हणजे नंबर भारतातून दिला गेला एवढंच, माल भारतात बनला असं नाही). इंटरनेटवर स्वस्तात विकले जाणारे नंबर दुसऱ्याच कुणाच्या नावावर निघतात, त्यात पडू नका. प्रत्येक चवीला आणि प्रत्येक वजनाला वेगळा नंबर. तेरावा आकडा तपासणीचा असतो. ८९०१२३४५६७८९० हा नमुना घ्या: पहिल्या बारांपैकी विषम जागांवरच्या आकड्यांची बेरीज २८, सम जागांवरच्या ३४, तिची तिप्पट १०२, मिळून १३०. पुढच्या दहाच्या पटीला किती कमी? शून्य, म्हणून शेवटी ०. डिझायनरने आकडा चुकवला तर इथे सापडतो.

आमचा नंबर बरोबर होता, रंग चुकला. पाकीट लाल म्हणून डिझायनरने पांढऱ्यावर लाल पट्ट्या काढल्या. दिसायला झकास. काउंटरवरच्या मुलीने पाकीट चार वेळा फिरवलं, टुक की मुक नाही. स्कॅनरचा प्रकाश लाल असतो, त्याला लाल पट्टी पांढऱ्या कागदासारखीच दिसते. वसुबारसेच्या आदल्या रात्री पाच हजार पाकिटांवर घरातली सगळी माणसं काळी-पांढरी स्टिकरं चिकटवत बसली होती. पट्ट्या काळ्याच ठेवा, दोन्ही बाजूंना कोरी जागा सोडा, पाउचच्या शिवणीवर बारकोड येऊ देऊ नका.

एचएसएन कोड, म्हणजे जीएसटीसाठी मालाच्या वर्गाचा नंबर, पाकिटावर लागत नाही, तो बिलावर. चकलीसारख्या नमकीनला २१०६, पापड पुढे सुरू केलात तर १९०५.

पैसे भरायच्या आधी त्या सुपरमार्केटवाल्याला एक विचारा: माल त्याच्या एकाच दुकानात राहणार असेल तर तो स्वतःचा, २ ने सुरू होणारा आतला नंबर लावू शकतो का? आमच्याकडे दोन दुकानदारांनी पहिलं वर्षभर तसंच चालवलं. बाकी, घटकांची यादी तयार झाली की खाली टाका, बघून सांगतो. हिंगाच्या डबीवर काय लिहिलंय तेही लिहा.