वॅगनआरसाठी कोणता जॅक घ्यावा: टन नंतर बघा, आधी उंची

तुमचा प्रश्न असा: गोव्यात फोंड्याला घरच्या अंगणातच वॅगनआरची पुढची-मागची चाकं अदलाबदल करायची, ब्रेक पॅड बघायचे, त्यासाठी ऑनलाइन स्वस्तात दिसलेला पाच टनी बॉटल जॅक (बाटलीसारखा उभा) घ्यावा का?

नको. तुमची गाडी आठशे-नऊशे किलोंची आणि एक कोपरा उचलताना त्यातलं निम्मंही वजन जॅकवर येत नाही. दोन टनी जॅक भरपूर झाला. खरी अडचण उंचीची. बॉटल जॅक पूर्ण खाली बसवला तरी बहुतेक १८० ते २०० मिलिमीटर उंच असतो. टायर बसलेला असेल तर तो खाली सरकणारच नाही. शिवाय त्याचं डोकं लहान, ते पत्र्याच्या कडेवर धड बसत नाही. बोलेरोच्या मागच्या अॅक्सलखाली तो उत्तम, तुमच्यासाठी नव्हे.

दोन टनी ट्रॉली जॅक घ्या, म्हणजे चाकांवर सरकणारा आडवा जॅक. साधा असला तरी १३०-१४० मिलिमीटरपासून सुरू होतो. दाराखालच्या कडेला पुढच्या चाकामागे आणि मागच्या चाकापुढे खाचा असतात, तिथेच तो लावायचा. जॅकच्या वाटीत, म्हणजे गाडीला टेकणाऱ्या भागात, खाच असलेला रबरी ठोकळा ठेवा, नाहीतर कड दुमडते आणि रंग उडाला की आपल्या हवेत तिथूनच गंज धरतो.

आता जमीन. ट्रॉली जॅकचा हात वर जाताना कमानीत फिरतो, म्हणून उचलताना जॅक स्वतः थोडा पुढे सरकावा लागतो. तांबड्या मातीत त्याची लोखंडी चाकं रुततात, जॅक सरकत नाही, मग वाटीच खाचेतून निसटू पाहते. अंगणात काँक्रीट नसेल तर जाड प्लायची मोठी फळी खाली घाला, जॅकला तिच्यावर सरकायला जागा राहील एवढी. पावसाळ्यात भिजलेल्या अंगणात हे काम काढूच नका.

जॅकइतकेच महत्त्वाचे जॅक स्टँड, म्हणजे उचललेली गाडी ज्यांवर टेकवून ठेवतात ते लोखंडी पाय. दोन घ्याच, पैसे कमी पडले तर जॅक साधा घ्या. पुढचं-मागचं चाक बदलताना दोन्ही एकदम निघालेली असतात, तेव्हा स्टँडवाचून चालतच नाही. आपल्याकडे सर्रास चिरे (जांभ्या दगडाचे ठोकळे) रचून गाडी टेकवतात. ते पाहिलं की माझं डोकं फिरतं. चिरा सच्छिद्र, ओला झाला की आणखी कमजोर, आणि भार एका बारीक कडेवर आला की न सांगता फुटतो. चाकाला अटकाव म्हणून चिरा लावा, तिथे तो चांगला. तोही जमिनीवर राहणाऱ्या चाकांना: हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना धरतो, मागचं एक चाक उचललं की त्याचा भरवसा निम्मा संपला. नट मात्र चाक जमिनीवर असतानाच सैल करून घ्या.

जॅक आणि स्टँड दोन्हींना तीच खाच हवी, हा घोळ होतोच. गाडीच्या मॅन्युअलमध्ये ट्रॉली जॅकसाठी वेगळी जागा दाखवली असेल तर तिथून उचला आणि स्टँड खाचांत लावा.

गाडीबरोबर आलेला सिझर जॅक (हाताने स्क्रू फिरवून वर जाणारा) डिकीतच राहू द्या. चोर्ला घाटात पंक्चर झालं तर तोच कामाला येणार, पण उतारावर नाही, गाडी सपाट जागेपर्यंत हळू न्या. टायर गेला तरी चालेल. त्याच्या स्क्रूला चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी एकदा ग्रीस लावलं की पुरे.

दुकानात जॅक घेताना शक्य असेल तर एखादी गाडी उचलायला लावा आणि पाच-दहा मिनिटं तशीच ठेवा. खाली बसू लागली किंवा तेलाच्या दाबाने सरकणाऱ्या दांड्याजवळ तेल दिसलं तर दुसरा मागा. घरी ठेवताना दांडा पूर्ण खाली, व्हॉल्व्ह बंद. तेल कमी झालं तर हायड्रॉलिक जॅक ऑइलच घाला. ब्रेक ऑइल घातलंत तर आतली सील फुगून खराब होतात आणि दुरुस्तीला नव्या जॅकच्या जवळपास खर्च येतो.