रक्ताच्या स्लाइडला लिशमन स्टेन (रंग) केल्यावर सगळंच निळं दिसतं, मग मोनोसाइट आणि मोठा लिम्फोसाइट या दोन पांढऱ्या पेशी वेगळ्या ओळखायच्या कशा?

डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) करताना हा गोंधळ जवळपास सगळ्यांचाच होतो, टेन्शन घेऊ नका. पण स्लाइडच निळी असेल तर पेशी ओळखायच्या भानगडीत आत्ता पडूच नका, तिथे मुरलेला टेक्निशियनसुद्धा फसतो. आधी स्टेन सुधारा.

ऑइल इमर्शनवर (तेलाचा थेंब घालून वापरायची १००x लेन्स) गेलात की पहिल्यांदा लाल पेशी बघायच्या. त्या गुलाबी हव्यात. निळसर-करड्या दिसल्या तर बहुतेक वेळा पाण्याचा पीएच जास्त असतो, नाहीतर स्मिअर (काचेवर पसरवलेला रक्ताचा थर) जाड असतो किंवा धुणं कमी पडलेलं असतं. नळाचं नाहीतर बोअरचं पाणी घालत असाल तर आजपासून बंद, ६.८ पीएचचं बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) वापरा. स्मिअर हवेत पूर्ण वाळला की नुसता लिशमन २ मिनिटं (त्यातलं मिथेनॉल पेशी फिक्स करतं म्हणून आधी पाण्याचा थेंबही नको), मग दुप्पट बफर घालून नीट मिसळायचं आणि ७ ते १० मिनिटं थांबायचं. नंतर स्टेन ओतून टाकू नका, स्लाइड आडवी ठेवूनच हळू धारेने वाहून जाऊ द्या, नाहीतर कचरा खाली बसतो आणि तोच ग्रॅन्युल (पेशीतले दाणे) म्हणून मोजला जातो. पावसाळ्यात बाटलीचं झाकण उघडं राहिलं तर मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि लाल पेशींत चमकणारी भोकं दिसायला लागतात.

आता मोनोसाइट. घोड्याच्या नालेसारखा न्यूक्लिअस (पेशीचं केंद्रक) म्हणून जे पाठ करून घेतात ना, माझ्या मते तिथेच घोळ होतो, कारण मोनोसाइटचा न्यूक्लिअस कधी चक्क गोलसर असतो आणि लिम्फोसाइटला शेजारच्या लाल पेशीने दाबून खाच पाडलेली असते. आकार सोडा, सायटोप्लाझम (न्यूक्लिअसभोवतीचा भाग) आणि क्रोमॅटिन (न्यूक्लिअसमधला रंगलेला पदार्थ) बघा. मोनोसाइटचं सायटोप्लाझम राखाडी-निळं, घासलेल्या काचेसारखं धुरकट, बऱ्याचदा व्हॅक्युओल (बुडबुड्यांसारख्या पोकळ्या) असलेलं, आणि क्रोमॅटिन सैल, जाळीदार. लिम्फोसाइटचं सायटोप्लाझम स्वच्छ आकाशी, फार तर मोजून चार-सहा जांभळट दाणे, क्रोमॅटिन गच्च. डेंग्यूच्या सीझनला मात्र रिअॅक्टिव्ह (संसर्गामुळे चेतवलेले) लिम्फोसाइट छळतात, मोठे असतात, पण त्यांची कड लाल पेशींना चिकटून वाकते आणि तिथे निळा रंग गडद होतो, ही खूण पक्की धरा.

बाकीच्या पांढऱ्या पेशींपैकी इओसिनोफिल नारिंगी दाण्यांमुळे स्टेन चांगला असेल तर आपोआप कळतो. बेसोफिल १ टक्क्याहून कमी, त्याचे दाणे पाण्यात विरघळतात म्हणून कधी फिका दिसतो.

अजून एक, मोनोसाइट स्मिअरच्या कडेला आणि शेपटीला जास्त जातात, फक्त मधलाच भाग मोजलात तर ते कमीच भरणार, म्हणून कडेपासून आत-बाहेर नागमोडी जात १०० पेशी मोजा. आणि ईडीटीएमधलं (रक्त गोठू न देणारं रसायन) ब्लड २-३ तासांत पसरवा, सकाळचं ब्लड संध्याकाळी घेतलंत तर लिम्फोसाइटमध्येही व्हॅक्युओल दिसतील. शंका आली तर त्या पेशीचं मायक्रोस्कोपच्या स्टेजवरचं व्हर्निअर (जागा मोजायची पट्टी) रीडिंग लिहून ठेवा म्हणजे पॅथॉलॉजिस्टना नेमकी तीच पेशी दाखवता येते.