जर्मनीत मेकॅनिकलचं मास्टर्स करायचंय : विद्यापीठ कसं निवडावं, अर्ज कसा करावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : पुण्यातून मेकॅनिकलचं बीई झालंय, सीजीपीए ७.८ आहे, दीड वर्ष डिझाइनमध्ये नोकरी झालीय आणि पुढच्या ऑक्टोबरला जर्मनीत मास्टर्सला जायचंय. कन्सल्टंटने बारा विद्यापीठांची यादी दिलीय. त्यातली कोणती घ्यावी?

ती यादी तूर्त बाजूला ठेवा. कॅप राउंडमुळे आपल्याला एक सवय लागलेली असते : कॉलेजचा कटऑफ बघायचा, आपले मार्क बघायचे आणि वरून खाली पर्याय भरत जायचे. जर्मन विद्यापीठांत पहिली चाळणी बहुतेक ठिकाणी विषयांची असते. बीईला गणित किती झालं, मेकॅनिक्स किती, थर्मो किती, हे क्रेडिटमध्ये मोजतात. ते कमी भरलं तर सीजीपीए ९.५ असला तरी अर्ज तिथेच थांबतो. चांगल्या मार्कांच्या मुलांचे अर्ज परत येतात तेव्हा कारण बहुधा हेच निघतं.

म्हणून सुरुवात डीएएडीच्या (परदेशी विद्यार्थ्यांसाठी काम करणारी जर्मन संस्था) कोर्स शोधायच्या डेटाबेसपासून करा. तिथे मास्टर्स, इंग्रजी आणि तुमचा विषय असे फिल्टर लावा. पण तिथली माहिती फक्त पत्ता म्हणून वापरा. खरी अट विद्यापीठाच्या स्वतःच्या पानावर, प्रवेशाच्या नियमावलीत असते. ती कधीकधी फक्त जर्मनमध्ये असते. भाषांतर करून वाचा, पण वाचाच. त्यात ‘गणित किमान २० ईसीटीएस (युरोपातले क्रेडिट), मेकॅनिक्स १५’ अशा धर्तीची वाक्यं सापडतील. कोर्सच्या नावावर जाऊ नका. श्टुटगार्टचा ‘कॉमास’ (मटेरियल आणि स्ट्रक्चरचं कॉम्प्युटेशनल मेकॅनिक्स) आणि ब्राउनश्वाइगचा ‘कॉम्प्युटेशनल सायन्सेस इन इंजिनिअरिंग’ हे दोन्ही गणितावर उभे आहेत. केमनित्सचा ‘अॅडव्हान्स्ड मॅन्युफॅक्चरिंग’ उत्पादनाकडे जातो. तिन्ही ठिकाणी मेकॅनिकलवाले अर्ज करतात, पण दोन वर्षांनी बाहेर पडणारा इंजिनिअर वेगळाच असतो. तुमची डिझाइनमधली नोकरी कुठल्या बाजूची आहे, ते आधी ठरवा.

आता क्रेडिट. तिकडे एका वर्षाचे ६० ईसीटीएस असतात आणि एक ईसीटीएस म्हणजे २५ ते ३० तासांचं काम, त्यात घरचा अभ्यासही धरलेला. आपल्याकडचं बीई साधारण १६० ते १७० क्रेडिटचं असतं. चार वर्षांचे २४० ईसीटीएस धरले तर आपला एक क्रेडिट सुमारे दीड ईसीटीएस भरतो. हे गुणोत्तर अधिकृत नाही. काही विद्यापीठं आपलं बीई १८० चंच धरतात. तरी स्वतःचा अंदाज घ्यायला ते पुरतं. समजा तुमचे एम-१, एम-२, एम-३ मिळून १३ क्रेडिट आहेत. ते साडेएकोणीस झाले, म्हणजे २० च्या अटीला जरासे कमी. इथे न्यूमेरिकल मेथड्स किंवा स्टॅटिस्टिक्सचा विषय उपयोगी पडतो. पण तो गणितात मोजला जाण्यासाठी त्याचा अभ्यासक्रम तुम्हाला दाखवावा लागतो. परीक्षण करणाऱ्याला विषयाच्या नावावरून काही कळत नाही. एक तक्ता करा : विषय, सेमिस्टर, तास, क्रेडिट, धडे, आणि शेवटच्या रकान्यात त्यांच्या यादीतला जुळणारा विषय. बरीच विद्यापीठं असा तक्ता त्यांच्याच फॉर्मवर मागतात. आठही सेमिस्टरच्या सिलॅबसची पीडीएफ आत्ताच उतरवून ठेवा, कारण पॅटर्न बदलला की जुन्या फायली शोधताना दमछाक होते.

मार्कांचं गणितही स्वतः करून बघा. जर्मनीत १.० सर्वोत्तम आणि ४.० म्हणजे जेमतेम पास. रूपांतराला सुधारित बव्हेरियन सूत्र वापरतात : कमाल गुणांतून तुमचे वजा करा, त्याला कमाल वजा किमान उत्तीर्ण गुण यांनी भागा, तीनने गुणा आणि एक मिळवा. ७.८ साठी, पास व्हायला ४ ग्रेड पॉइंट लागत असतील, तर १ + ३ × (२.२ ÷ ६) म्हणजे २.१. हेच किमान ५ धरलं तर २.३ च्या वर जातं. आणि सीजीपीएची टक्केवारी करून समजा ६९ टक्के लिहिले, किमान ४०, तर २.५५ येतं. मुलगा तोच, गुणपत्रिका तीच, पण कोर्सची मर्यादा २.५ असेल तर एका आकड्याने तुम्ही आत आणि दुसऱ्याने बाहेर. म्हणून गुणपत्रिकेच्या मागे छापलेली ग्रेडिंगची चौकट जरूर स्कॅन करून जोडा. किमान उत्तीर्ण ग्रेड त्या मागच्या पानावर असतो आणि लोक नेमकं तेच पान विसरतात.

विद्यापीठ दोन प्रकारचं असतं. उनिव्हर्सिटेट, म्हणजे आखेन, डार्मश्टाट, हानोफर अशी. तिथे सिद्धान्त जास्त, आणि पुढे पीएचडी करायची असेल तर हाच सरळ रस्ता. दुसरं होखशूल. तिथे वर्ग लहान, प्राध्यापक उद्योगातून आलेले आणि कंपनीत थिसिस करायची वाट मोकळी. डिझाइनमध्येच नोकरी करायची असेल तर होखशूलला दुय्यम समजू नका. फक्त तीन सेमिस्टरच्या कोर्सला बऱ्याचदा २१० ईसीटीएसचं बॅचलर्स मागतात, एवढं तपासा.

फीबद्दल ‘जर्मनीत शिक्षण फुकट’ हे अर्धवट खरं आहे. बहुतेक सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फी नाही, फक्त सेमिस्टरचं शुल्क भरायचं. पण बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्यात, म्हणजे श्टुटगार्ट, कार्ल्सरुहे वगैरे ठिकाणी, युरोपीय संघाबाहेरच्यांना सेमिस्टरला १,५०० युरो पडतात. चार सेमिस्टरचे ६,०००. म्युनिकच्या टेक्निकल विद्यापीठाने २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून फी लावली. मास्टर्सला ती कोर्सनुसार सेमिस्टरला ४,००० किंवा ६,००० युरो आहे. जुने व्हिडिओ बघून बजेट काढू नका.

कन्सल्टंटची यादी आता हातात घ्या आणि एकच गोष्ट तपासा : त्यातली खासगी किती? खासगी विद्यापीठं प्रवेशामागे कन्सल्टंटला कमिशन देतात, सरकारी सहसा देत नाहीत. म्हणून ‘सेवा मोफत’ असेल तर यादी खासगीकडे झुकलेली असते. खासगी म्हणजे वाईट असं नाही, पण वर्षाला दहा-बारा हजार युरो भरताना बदल्यात काय मिळतं ते विचारा. नीट उत्तर आलं नाही तर ते नाव खोडा. मी तुमच्या जागी सहा ते आठ अर्जांवर थांबलो असतो : दोन जिथे स्पर्धा जास्त, तीन-चार जिथे क्रेडिट पूर्ण जुळतात आणि २.१ निवांत बसतं, एक-दोन जिथे जागांची मर्यादाच नाही, अट पूर्ण केली की प्रवेश.

कागदपत्रांमध्ये सगळ्यात आधी एपीएस. भारतीय विद्यार्थ्यांना १ नोव्हेंबर २०२२ पासून विद्यार्थी व्हिसासाठी हे प्रमाणपत्र बंधनकारक आहे. तुमची पदवी खरी आहे का, याची तिथे पडताळणी होते. शुल्क १८,००० रुपये. ऑनलाइन अर्ज करून छापील सही केलेला अर्ज आणि कागदपत्रं दिल्लीला पाठवायची असतात. हंगामात गर्दी झाली की वेळ लांबतो, आणि बरीच विद्यापीठं अर्जासोबतच प्रमाणपत्र मागतात. म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरातच उरका. पासपोर्टवर आणि गुणपत्रिकेवर नावाचा क्रम वेगळा असतो : गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग आपलं, मग वडिलांचं. सगळ्या पोर्टलवर पासपोर्टप्रमाणेच नाव भरा, एका ठिकाणी एक आणि दुसरीकडे दुसरं असं होऊ देऊ नका. विद्यापीठाच्या ट्रान्सक्रिप्टचा अर्जही याच सुमारास टाका.

बऱ्याच विद्यापीठांचे अर्ज युनि-असिस्ट या परदेशी अर्ज तपासणाऱ्या संस्थेमार्फत जातात. एका सत्रातल्या पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि पुढच्या प्रत्येकाला ३०. चार अर्जांचे १६५ झाले. पैसे पोहोचेपर्यंत ते अर्जाला हात लावत नाहीत, आणि तपासणीला चार ते सहा आठवडे धरावे लागतात. काही विद्यापीठांना फक्त व्हीपीडी, म्हणजे पूर्वतपासणीचा दाखला, हवं असतं. युनि-असिस्ट तुमच्या गुणांचं जर्मन ग्रेडमध्ये रूपांतर करून ते देतं, आणि मग विद्यापीठाच्या पोर्टलवर मूळ अर्ज तुम्हालाच करावा लागतो. व्हीपीडी आलं म्हणजे अर्ज झाला, या समजुतीत दरवर्षी मुलं वर्ष घालवतात. शेवटच्या तारखेच्या आठ आठवडे आधी युनि-असिस्टमध्ये कागद पडलेले असावेत. तारखाही सारख्या नसतात. हिवाळी सत्रासाठी १५ जुलै ही नेहमीची तारीख. आपल्यासारख्यांना मात्र अनेक ठिकाणी १ मार्चपासून ३१ मेपर्यंतच मुदत असते. प्रत्येक कोर्सची तारीख त्याच्याच पानावरून घ्या.

आयईएल्टीएस ६.५ असेल तर बहुतेक दारं उघडी राहतात. ‘शिक्षणाचं माध्यम इंग्रजी’ असं कॉलेजचं पत्र काही ठिकाणी चालतं, सगळीकडे नाही. त्यावर विसंबू नका.

मोटिव्हेशन लेटर एक-दोन पानांचं. ‘लहानपणापासून गाड्यांची आवड’ ही सुरुवात इतकी वापरली गेलीय की वाचणारा पुढे सरकतो. तुमच्याकडे दीड वर्षाचं काम आहे, तेच लिहा. उदाहरणार्थ, शीट मेटलच्या ब्रॅकेटचं फटीग तपासताना मटेरियल मॉडेलची समज अपुरी पडली, आणि या कोर्सच्या दुसऱ्या सेमिस्टरचं अमुक मॉड्यूल नेमकं तेच शिकवतं. एवढं एक वाक्य मॉड्यूलच्या नावासकट आलं की समोरच्याला कळतं, यानं मोडूलहांडबुख (कोर्समधल्या प्रत्येक विषयाची माहितीपुस्तिका) वाचलंय. तेच पत्र दुसऱ्या विद्यापीठाला पाठवता येत नसेल तर ते चांगलं उतरलंय. सीव्ही दोन पानांत, तारखा उलट्या क्रमाने, मध्ये रिकामा काळ न ठेवता.

पैशांची तयारी प्रवेशाच्या आधी करा. १ सप्टेंबर २०२४ पासून ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. महिन्याला ९९२ मिळतात. आकडा बदलू शकतो, पैसे भरण्याआधी वकिलातीच्या पानावर बघा. एज्युकेशन लोन काढणार असाल तर बँकेला प्रवेशपत्र लागतं आणि व्हिसाला खातं लागतं, त्यामुळे बँकेशी बोलणी आधीच पूर्ण ठेवा. ९९२ मध्ये केमनित्स किंवा माग्देबुर्गला बरं भागतं. म्युनिकला खोलीचं भाडंच त्यातला मोठा घास घेतं. आरोग्य विम्याचे महिन्याला सुमारे १४० युरो धरा, आणि वय तीसच्या पुढे असेल तर विद्यार्थी दर मिळत नाही. वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, पण पहिल्या सेमिस्टरचा खर्च त्या भरवशावर ठेवू नका.

दोन-तीन प्रवेशपत्रं हातात आली की नावाची तुलना सोडा आणि मोडूलहांडबुख शेजारी-शेजारी उघडा. कोर्स ‘इंग्रजी’ असतो, पण पर्यायी विषय जर्मनमध्ये निघतात. तुम्हाला हवे ते विषय इंग्रजीत आहेत का ते बघा. मग परीक्षेचे नियम. बहुतेक ठिकाणी एका विषयाला तीन संधी असतात. तिसऱ्यांदा नापास झालात तर कोर्समधून नाव जातं, आणि जर्मनीत दुसरीकडे तोच कोर्स पुन्हा घेणंही कठीण होतं. आपल्या एटीकेटीसारखं विषय पुढे ओढत नेता येत नाही. शिवाय इंटर्नल मार्कांचा आधार नसतो, बऱ्याच विषयांत एकच पेपर सगळं ठरवतो. तिथे शिकणाऱ्या एखाद्या मुलाला लिंक्डइनवर गाठा आणि ‘कोर्स कसा आहे’ असं न विचारता हे विचारा : कुठल्या पेपरात सगळ्यात जास्त लोक अडकतात? थिसिस कंपनीत करू देतात का? किती जण चार सेमिस्टरमध्ये बाहेर पडतात?

भाषेचं लांबणीवर टाकू नका. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात, पण मेकॅनिकलच्या नोकऱ्यांत जर्मन येणाऱ्यालाच आधी बोलावतात, आणि वाहन उद्योग सध्या हात आखडून आहे. पुण्यात मॅक्स म्युलर भवन आहे. आत्ता ए-१ या पहिल्या पातळीला बसलात तर निघेपर्यंत बी-१ ही मधली पातळी आवाक्यात येते. तिकडे गेल्यावर अभ्यास आणि काम सांभाळून शिकणं फार जड जातं.

प्रवेश पक्का केल्याच्याच दिवशी श्टुडिरेंडेनवेर्कच्या (विद्यार्थ्यांच्या राहण्या-जेवणाची सोय बघणारी संस्था) वसतिगृहाला अर्ज करा. प्रतीक्षा यादी महिनोन्महिने चालते. आणि जी जागा घ्यायची नाही ती पोर्टलवरून लगेच सोडा, म्हणजे यादीतल्या दुसऱ्या कोणाला व्हिसापुरता तरी वेळ मिळेल.